कृत्रिम गुडघ्यातील जंतुसंसर्ग : आपला अधिकार कोठे संपतो?

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता केवळ मुंबई-पुण्याची राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही ती नित्य होते. त्यामुळे गुडघ्यात धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसविलेले रुग्ण आपल्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात येतात. कोणी अग्निमांद्यासाठी, कोणी दुसऱ्या, न बदललेल्या गुडघ्यासाठी, आणि काही थोडे त्याच बदललेल्या गुडघ्यासाठी. या शेवटच्या थोड्यांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. प्रत्यारोपणानंतर सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणतः शंभरात एक ते दोन असते. प्रमाण अल्प खरे. पण ज्याच्या वाट्याला ते येते त्याचा पाय, आणि क्वचित प्राणही, पणाला लागतो. अशा रुग्णाचे पुढे काय होणार हे पुष्कळदा तो शल्यचिकित्सकापर्यंत किती दिवसांत पोहोचला यावर ठरते, आणि ते दिवस अनेकदा आपल्याकडे खर्च होतात. हे विधान कटू आहे. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून आम्ही ते करीत नाही.

काही वर्षांपूर्वी पासष्टीच्या एक मधुमेही बाई आमच्याकडे आल्या. उजव्या गुडघ्याचे प्रत्यारोपण होऊन चार वर्षे झाली होती व चारही वर्षे गुडघा उत्तम चालला होता. टाचेच्या भेगेत पू झाला, तो निचरला, आणि त्यानंतर आठवड्याभरात गुडघा एकाएकी सुजला. आमच्याकडे आल्या तो सहावा दिवस. गुडघा उष्ण, ताठर, स्पर्शासह; ज्वर मात्र नाही. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, पुन्हा कापाकापी नको. आईला आता ते सोसायचं नाही." आम्हांलाही ते ऐकणे सोयीचे वाटले. दशांग लेप, पोटात कैशोर गुग्गुळ व रास्नादि काढा अशी योजना केली, आणि अधिक खबरदारी म्हणून पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्याही आम्हीच लिहून दिल्या. सूज उतरली. सहाव्या आठवड्यात जुन्या व्रणरेषेच्या खालच्या टोकाशी हरभऱ्याएवढे छिद्र पडून पातळ पिवळसर स्राव येऊ लागला. मग पंचवल्कल क्वाथाने धावन आणि जात्यादि तेल. छिद्र मिटले. आम्हांस इतका संतोष झाला की मासिक बैठकीत आम्ही त्याचा उल्लेखही केला. नऊ दिवसांनी ते पुन्हा उघडले, पुन्हा मिटले, आणि अकराव्या आठवड्यात एका रात्री बाईंना थंडी वाजून ज्वर आला. रुग्णालयात सांधा काढावा लागला. नवा सांधा बसेपर्यंत बरेच महिने गेले. आज त्या काठी घेऊन चालतात. तेथील शल्यचिकित्सकांनी आम्हांस कोणताही दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, की पहिल्या पंधरवड्यात आणल्या असत्या तर सांधा न काढता प्रयत्न करता आला असता.

त्या वाक्याचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी आम्ही पुढे जे वाचले व विचारले, त्यातील उपयुक्त भाग येथे देत आहोत.

सजीव ऊतीत शिरलेल्या जंतूला रक्तातून येणारे औषध व शरीराचे स्वतःचे बल या दोन्हींशी सामना करावा लागतो. कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागाला मात्र रक्तवाहिनी नाही. त्यावर बसलेले जिवाणू स्वतःभोवती एक चिकट थर विणतात. आधुनिक शास्त्रात त्यास बायोफिल्म म्हणतात. नदीतील दगडावरचे शेवाळ पाहिले असेल त्यास ही कल्पना सहज येईल. वरून कितीही पाणी वाहो, दगड खरवडल्याखेरीज ते निघत नाही. या थरातील जिवाणू मंदगतीने जगतात व प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. थरातून सुटून बाहेर आलेले जिवाणू औषधाने मरतात, म्हणून सूज उतरते, रुग्णास बरे वाटते. थर मात्र तसाच राहतो. आमच्या रुग्णेची सूज का उतरली व पुन्हा का आली, याचे उत्तर एवढेच आहे. हा थर कोवळा असतो तो काही आठवडेच. त्या अवधीतच सांधा जागेवर ठेवून तो खरवडून काढण्यात अर्थ असतो.

अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ही मर्यादा स्पष्ट घातलेली आहे. प्रत्यारोपणापासून सुमारे तीस दिवसांच्या आत किंवा लक्षणे सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत रुग्ण आला, सांधा हाडात पक्का बसलेला असला, आणि त्वचेवर नाडी उघडलेली नसली, तर सांधा राखून शोधन करावे. शोधन म्हणजे सुईने पू काढणे नव्हे, किंवा दुर्बिणीतून पाणी सोडणेही नव्हे. जुन्या व्रणरेषेतून सांधा पूर्ण उघडतात. निरनिराळ्या जागांतून पाच-सहा ऊतींचे नमुने परीक्षणासाठी घेतात. दूषित आवरण कापून काढतात. धातूच्या दोन भागांमधील प्लास्टिकची चकती काढून टाकतात, कारण तिच्यामागचा थर ती जागेवर असताना हाताला लागत नाही. कित्येक लिटर लवणजलाने सांधा धुतात व नवी चकती बसवितात. त्यानंतर दीर्घकाल औषध. जंतू स्टॅफिलोकोकस जातीचा असेल तर रिफँपिसिनसह दुसरे एक प्रतिजैविक, आणि गुडघ्याच्या बाबतीत एकूण सुमारे सहा महिने. पहिल्या पंधरवड्याविषयी ते शल्यचिकित्सक काय म्हणाले ते येथे उलगडते. आमच्या दारात बाई आल्या तेव्हा हे सर्व शक्य होते. छिद्र पडले त्या दिवशी नव्हते.

ती वेळ टळल्यावर सांधा काढणे हाच मार्ग उरतो. न्यूयॉर्क येथील जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अकरा गुडघ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या टप्प्यात धातू, प्लास्टिक व सिमेंट यांचा कणन्‌कण काढून मोकळ्या जागेत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवतात. तो जागा राखतो आणि औषधही झिरपवितो. सुमारे सहा आठवडे औषध, मग संसर्ग गेल्याची खात्री, आणि मग दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा, बहुधा हाडाच्या पोकळीत खोल जाणाऱ्या दांड्यांसह, कारण तोवर हाडही झिजलेले असते. या मधल्या काळात रुग्ण वॉकरच्या आधाराने कसाबसा हिंडतो. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी १९७० च्या सुमारास पुढे आणली आणि त्याच बळावर तेथील संप्रदायाने काढणे व बसविणे एकाच वेळी करण्याची पद्धत चालविली. जंतू आधीच ओळखला गेला असेल व सभोवतालची ऊती चांगली असेल तर निवडक रुग्णांत तीही यशस्वी होते. दोन्ही निष्फळ ठरल्यास मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांस जोडून पाय कायमचा सरळ करणे किंवा गुडघ्यावरून छेदन करणे, एवढेच शिल्लक राहते.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. आपल्यापैकी काहींचे म्हणणे असे, की हे सर्व आधुनिकांचे प्रकरण आहे, संहिताकारांना कृत्रिम सांधा ठाऊक नव्हता. सांधा ठाऊक नव्हता हे खरे. पण शल्य ठाऊक होते. शरीराला व मनाला पीडा देणारे ते सर्व शल्य, अशी सुश्रुताची व्यापक कल्पना आहे. लक्षावधी लोक कृत्रिम सांधा घेऊन सुखाने चालतात, तोवर तो शल्य नव्हे; ज्या दिवशी त्यावर जंतू बसले त्या दिवशी तो शल्य झाला. नाडीव्रणाचे प्रकार सांगताना दोषज प्रकारांहून वेगळा असा शल्यनिमित्त प्रकार सुश्रुताने निदानस्थानात स्वतंत्र मोजला आहे. तो वेगळा का मोजला, याचा आम्ही विद्यार्थिदशेत विचार केला नव्हता. दोष शमविले तर दोषज नाडी भरेल. शल्य आत असेल तर कोणतेही शमन तिला भरू शकत नाही. न काढलेले शल्य शोफ, पाक, उग्र रुजा, वैकल्य आणि मरणही आणते, म्हणून ते यत्नाने काढावे, असे सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. आणि जानु हे वैकल्यकर मर्म आहे हे आपण सर्वांनी पाठ केलेले असते.

याहूनही नेमके वचन सतराव्या अध्यायात, आमपक्वाच्या विवेचनात, आहे. कफप्रधान व खोल गती असलेल्या शोफात पाकाची सर्व लक्षणे दिसत नाहीत. त्वचेचा वर्ण बदलत नाही, स्पर्श शीत लागतो, वेदना अल्प असते, आणि मग पक्वास अपक्व समजून वैद्य मोह पावतो. प्रत्यारोपित गुडघ्यातील मंद संसर्गाचे याहून चांगले वर्णन आम्ही आधुनिक ग्रंथातही पाहिलेले नाही. ज्वर नसतो, लाली नसते, क्ष-किरण चित्र आरंभी निर्दोष असते. असते ती फक्त रात्रीही न थांबणारी ठणक आणि न ओसरणारी सूज. त्याच अध्यायात आमावस्थेत शस्त्र चालविणारा आणि पक्वाची उपेक्षा करणारा या दोघांनाही सुश्रुताने एकाच कठोर शब्दाने हिणविले आहे. आपण पहिल्या चुकीवरून शल्यचिकित्सकांवर टीका करतो. दुसरी चूक आपली आहे.

सव्विसाव्या अध्यायातील एक संदर्भ या विषयात वारंवार पुढे केला जातो. सोने, रुपे, तांबे इत्यादी धातूंची शल्ये दीर्घकाळ राहिल्यास पित्ततेजाने विलीन होतात, असे तेथे म्हटले आहे. त्यावरून कृत्रिम सांध्यालाही शरीर सामावून घेईल असे एका बैठकीत आम्ही स्वतः ऐकले. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्या यादीत नाही, आणि काढलेला सांधा आम्ही हातात घेऊन पाहिला आहे. तो जसाच्या तसा होता. विलीन झाले होते ते भोवतीचे हाड.

दुसरा युक्तिवाद क्षारसूत्राचा. भगंदरात क्षारसूत्र किती प्रभावी आहे हे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या बहुकेंद्रीय चाचणीने १९९१ मध्येच दाखविले, आणि त्याचा आम्हांसही अभिमान आहे. पण भगंदराच्या मार्गाच्या तळाशी धातू नसतो. गुडघ्यावरील नाडीत एषणी घालणे म्हणजे बाहेरचे जंतू सांध्यात नेऊन सोडणे होय. छिद्राच्या तोंडाचा स्राव तपासण्यास पाठविणेही फसवे असते, कारण त्यात बहुधा त्वचेवरचेच जंतू उगवतात आणि आतला खरा शत्रू लपून राहतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये शल्य व शालाक्य तंत्राच्या पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रकर्मांची अधिसूचना निघाली, तिच्यावरून बराच गदारोळ झाला, आणि आपण आपल्या अधिकारासाठी ठामपणे उभे राहिलो ते योग्यच होते. सांधारोपण त्या सूचीत नाही. अधिकाराची सूची वाचताना तिच्या बाहेर काय आहे तेही वाचावे लागते.

जलौकांविषयी विशेष सांगितले पाहिजे, कारण गुडघ्यावर जलौकावचरण आपल्याकडे लोकप्रिय आहे. जलौकेच्या अन्नमार्गात एरोमोनास जातीचे जिवाणू स्वभावतःच असतात. रोपित त्वचेत साचलेले रक्त ओढण्यासाठी जलौका वापरणारे आधुनिक शल्यचिकित्सक याच कारणाने सोबत प्रतिजैविक देतात. ज्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे त्यावर, संसर्ग असो वा नसो, आम्ही जलौका लावीत नाही, अग्निकर्म करीत नाही, वेधन करीत नाही. सुजलेल्या गुडघ्यावर जानुबस्ती किंवा उपनाहही नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मते त्या दिवशी करण्यासारखे अत्यंत थोडे आहे आणि ते थोडे फार महत्त्वाचे आहे. बदललेला गुडघा नव्याने सुजला, किंवा व्रणातून दहा-बारा दिवसांनंतरही ओल येत राहिली, तर रुग्ण मूळ शल्यचिकित्सकाकडे, तो न मिळाल्यास अन्य अस्थिशल्यचिकित्सकाकडे, त्याच आठवड्यात गेला पाहिजे. रक्तातील सीआरपी व ईएसआर आपण पाहू शकतो. मात्र शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे ती स्वभावतःच वाढलेली असतात हे ध्यानात ठेवावे, आणि ती प्राकृत आली म्हणून रुग्णास थांबवून ठेवू नये. खरे निदान सांध्यातील द्रव शस्त्रक्रियागृहाच्या शुद्धतेने काढून, त्यातील पेशी मोजून व जंतू वाढवून होते. आणि प्रतिजैविक लिहू नये. ही आमची दुसरी चूक होती व ती पहिलीहून लहान नव्हती. पाच दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग जात नाही, पण द्रवातील जंतू उगवेनासे होतात आणि शल्यचिकित्सकाला अंधारात बाण मारावा लागतो. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर द्रव काढण्यापूर्वी निदान दोन आठवडे प्रतिजैविक बंद ठेवावे असा आधुनिकांचा संकेत आहे. हाती असलेल्या तीन आठवड्यांतून ते दोन वजा झाले की काय उरते ते प्रत्येकाने पाहावे.

रुग्ण शल्यचिकित्सकाकडून आपल्याकडे का येतो, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. "क्ष-किरण चित्र ठीक आहे, व्यायाम करा" असे सांगून परत पाठविलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. खर्चाची भीती खोटी नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम भागांच्या किमतीवर मर्यादा घातली तरी पुनःशस्त्रक्रियेचे भाग पहिल्या सांध्याहून महागच राहिले, शिवाय दोन वेळा भूल, दोन वेळा रुग्णालय आणि मधले महिने. सुनेची नोकरी, नातवंडांची शाळा, तिसऱ्या मजल्यावरचे घर, हे सर्व त्या निर्णयात असते. रुग्णाच्या घरचे आपल्याशी मोकळेपणाने बोलतात. तेथे बोलत नाहीत. म्हणून पाठवणी चिठ्ठीवर केवळ "पुढील उपचारार्थ" असे न लिहिता शस्त्रक्रियेची तारीख, लक्षणांचा पहिला दिवस, मधुमेहाची स्थिती आणि आपण दिलेली सर्व औषधे लिहावीत, आणि शक्य तर दूरध्वनी करावा. आम्ही तो करू लागल्यापासून आमचा रुग्ण परत पाठविला गेल्याचे स्मरत नाही.

औषधालयांच्या मालकांसही दोन शब्द. गुडघ्यासाठी तेल किंवा गुग्गुळ मागणाऱ्यास "गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे का?" एवढा एक प्रश्न गल्ल्यावरच्या मुलास शिकविणे कठीण नाही. झाले असेल व सूज नवी असेल तर विक्री न करता त्यास वैद्याकडे धाडावे. सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या पुड्या अजून बाजारात फिरतात, आणि आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टेरॉइड सापडलेले आहे. स्टेरॉइडने वेदना व ज्वर दबतात, संसर्ग फोफावतो, आणि रुग्ण दुकानदारास दुवा देत राहतो. आपल्या दुकानातून अशी पुडी जात नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत आपल्याला काम नाही असे नाही. प्रतिजैविकांनी मंदावलेला अग्नी, मांसक्षय, मधुमेहाचे पथ्य, पायाच्या भेगा व नखे यांची निगा, हे आपले क्षेत्र आहे, आणि दुसऱ्या टप्प्यापूर्वी रुग्णाचे बल वाढविणे ही मोठीच सेवा आहे. परंतु तेथेही एक सावधगिरी. रिफँपिसिन घेणाऱ्याचे मूत्र नारिंगी होते. रुग्ण घाबरून "उष्णता झाली" म्हणत आपल्याकडे येतो आणि आपण ते औषध थांबविण्याचा सल्ला देऊन बसतो. फ्रान्समध्ये झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृत्रिम सांध्याच्या संसर्गासाठी प्रतिजैविक बारा आठवड्यांऐवजी सहा आठवडेच दिले, तेव्हा संसर्ग टिकून राहण्याचे प्रमाण १८.१ टक्के निघाले. बारा आठवड्यांत ते ९.४ टक्के होते. तेव्हा एकही आठवडा आपल्या सांगण्यावरून कमी होता कामा नये. पिप्पलीचेही असेच. पिप्पलीतील पाइपरीन रिफँपिसिनचे शोषण वाढविते. जम्मूच्या प्रयोगशाळेतील या संशोधनावर आधारलेले, रिफँपिसिनची मात्रा निम्म्याहून कमी केलेले क्षयावरचे औषध २००९ मध्ये बाजारात आले. आपल्या द्रव्याचा हा गौरवच आहे. पण जे द्रव्य दुसऱ्या औषधाची मात्रा बदलू शकते ते त्रिकटूच्या रूपाने, तेथील चिकित्सकास न कळविता देता येत नाही. शिवाय या काळात रुग्णाच्या यकृतावर व वृक्कांवर भार असतो, म्हणून रसौषधी आम्ही पूर्णपणे टाळतो.

आमच्या चिकित्सालयाच्या रुग्णपत्रिकेत आता "पूर्ववृत्त" या रकान्याखाली एक स्वतंत्र ओळ छापली आहे : शरीरात बसविलेले कृत्रिम भाग, जागा व वर्ष. छपाईला वेगळा खर्च आला नाही. ज्या बाईंची हकिकत वर दिली त्या गेल्या पावसाळ्यात डाव्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी आल्या होत्या. तो गुडघा अजून त्यांचा स्वतःचा आहे. त्यास आम्ही जानुबस्ती दिली, आणि टाचा तपासल्या.